हवा बदलते तेव्हा : परदेशातल्या गाण्या-बजावण्याविषयी वाचकांचे प्रश्न

परदेशी राहणाऱ्या वाचकांची साठलेली पत्रं या महिन्यात एकत्र वाचायला घेतली. फुटलेला तबला, आजोबांचा तंबोरा, आजीच्या कॅसेटी, नेटवरचा रियाज, डिसेंबरची सुट्टी असे प्रश्न वेगवेगळे आहेत, पण बहुतेक ठिकाणी मूळ अडचण हवेची निघाली. म्हणून पहिल्या उत्तराला थोडी जास्त जागा दिली आहे. वाद्य कोणतंही असो, ते उत्तर आधी वाचावं.

प्रश्न (टोरंटो) : जुलैमध्ये पुण्याहून नवा तबला आणला. जानेवारीत गवसणी उघडली तर काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराचा) तबला काळी दोनच्याही वर चढलेला. आठवड्याभराने पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) गजऱ्याजवळ, म्हणजे कडेच्या चामडी वेणीजवळ, फाटली. मधल्या काळात कोणी हातही लावला नव्हता. आमचं काय चुकलं?

हातून काही चुकलं नाही. पुडी कोरड्या हवेनं फाडली.

चामडं ओल शोषतं तेव्हा सैल पडतं आणि कोरडं होतं तेव्हा आवळतं. जुलैच्या पुण्यात हवा दमट असते. त्या हवेत सैल पडलेली पुडी कारागिरानं वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) ओढून, गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून काळी एकला आणली. म्हणजे तिच्यावर आधीच जास्तीचा ताण होता. ती टोरंटोच्या हिवाळ्यात गेली. बाहेर शून्य अंशाला ८० टक्के आर्द्रता असलेली हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता साधारण २० टक्क्यांवर येते. बाहेर उणे १० असेल तर १० टक्क्यांच्या आसपास. अशा हवेत चामडं आक्रसत जातं, गठ्ठे मात्र जिथल्या तिथे असतात. शेवटी पुडी सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे गजऱ्याला लागून असलेल्या चाटेच्या (पुडीच्या काठावरच्या चामडी कड्याच्या) कडेला, सुटते.

उपाय दोन आणि दोन्ही करायचे. पहिला खोलीचा. साधा आर्द्रतामापक आणून तबला ठेवता त्याच कोपऱ्यात ठेवा. काटा ४० ते ५५ टक्क्यांत राहिला पाहिजे. त्याखाली गेला तर खोलीत ह्युमिडिफायर लावा. मात्र खिडकीच्या काचांवर पाणी जमायला लागलं की तो कमी करा, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. तबला हीटरच्या जाळीजवळ, रेडिएटरशेजारी किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका.

दुसरा उपाय पुडीचा. घरातला हीटर सुरू होण्याआधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आठही गठ्ठे हातोडीनं थोडे थोडे वर सरकवा आणि तबला एक पूर्ण स्वर खाली आणा. एकच गठ्ठा खूप सरकवायचा नाही. समोरासमोरच्या जोड्या घ्यायच्या, म्हणजे ताण सगळीकडून सारखा उतरतो. चार-पाच दिवस वाजवणार नसाल तर पुन्हा उतरवून ठेवा. वाजवायच्या दिवशी आधी अर्धा तास तबला उघडा ठेवा, मग गठ्ठ्यांनी जवळपास आणा आणि शेवटची बारीक जुळणी गजऱ्यावर करा. गजऱ्यावर वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. सोळाही घरं (गजऱ्यावरच्या, वादीच्या मधल्या जागा) ऐकून बघायची.

गवसणीच्या आत ठेवायला ओलावा सोडणारी आणि शोषणारीही पाकिटं मिळतात. लाकडी वाद्यांसाठी ४९ टक्क्यांचं पाकीट घ्यावं. ओला स्पंज किंवा ओलं फडकं गवसणीत ठेवू नका. पाण्याचा थेंब शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) लागला तर शाई सुटते.

फाटलेली पुडी डिंकानं, टेपनं सांधत नाही. ती बदलावी लागते. पुढच्या खेपेला भारतात जाल तेव्हा तबल्याच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्या, तबल्याचा फोटो न्या आणि दोन पुड्या जास्तीच्या करून आणा. आणलेल्या पुड्या सपाट, शाईची बाजू वर ठेवून, कीड लागणार नाही अशा बंद डब्यात ठेवायच्या. पुडी चढवणं मात्र कसबाचं काम आहे. वादी भिजवून सोळा घरांतून सारखी ओढावी लागते आणि हात बसला नसेल तर पुडी एका बाजूला कलते. जवळपास कारागीर नसेल तर पुढचा तबला नट-बोल्टचा घेण्याचा विचार करा. वादीच्या तबल्यासारखी बारीक जुळणी त्यात होत नाही, पण पुडी तुम्ही स्वतः पान्यानं बदलू शकता.

आणि शक्य असेल तर चामड्याचं वाद्य पावसाळ्यात विकत घेऊ नका. शाळांच्या सुट्टीमुळे बहुतेकांचं जाणं जून-ऑगस्टमध्ये होतं हे खरं, पण डिसेंबर ते फेब्रुवारीत केलेला तबला तुमच्या हवेच्या जास्त जवळचा असतो. पावसाळ्यातच घ्यायचा झाला तर कारागिराला आधीच सांगा की वाद्य कोरड्या देशात जाणार आहे.

प्रश्न (न्यू जर्सी) : मुलाच्या तबल्याच्या शाईवर सगळीकडे बारीक भेगा दिसतात. दुकानदारानं फसवलं का?

नाही. त्या भेगा मुद्दाम पाडलेल्या असतात. लोखंडाची बारीक पूड आणि भाताची किंवा पिठाची खळ एकत्र करून थरावर थर चढवतात आणि प्रत्येक थर दगडानं घोटतात. घोटताना जाळीसारख्या बारीक भेगा पडतात, त्यामुळे शाई जड असूनही पुडीबरोबर हलते. भेगा नसत्या तर तबल्याला आस, म्हणजे स्वराची लांबणारी गुंज, आली नसती. काळजी करायची ती शाईची कड उचलली गेली, खपली निघाली किंवा वाजवताना खरखर ऐकू आली तर. हाताला घाम येतो म्हणून शाईवर पावडर ओतू नका, ती भेगांत जाऊन बसते. हाताला किंचित लावा आणि वाजवून झाल्यावर कोरड्या मऊ फडक्यानं पुसा.

प्रश्न (लंडन) : पत्नी काळी पाचमध्ये गाते, मित्र काळी एकमध्ये, शेजारच्या ताई काळी चारमध्ये. तबले किती घ्यायचे?

घरगुती बैठकीला एक चांगला तबला पुरेल, मात्र तो काळी एक ते काळी दोन या टापूतला हवा. काळी एकचा गायक असेल तर तबला षड्जाला लागला. काळी चारच्या गायिकेला काळी एक हा मध्यम आणि काळी दोन हा पंचम. काळी पाचच्या गायिकेला काळी दोन हा मध्यम. म्हणजे पूर्ण स्वरभराच्या टापूत तिघांचं भागतं. एवढा पल्ला चांगली पुडी झेपवते. त्याहून जास्त चढ-उतार रोज केला तर पुडी लवकर मरते.

रागाकडे बघून ठरवा. मारव्यात पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, तिथे मध्यमाला लावलेला तबला सतत टोचतो. काळी पाचच्या षड्जालाच तबला हवा असेल तर मोठ्या तोंडाचा, सव्वासहा इंचांच्या आसपासचा, ढाल्या (खालच्या) आवाजाचा वेगळा तबला घ्यावा लागतो. काळी एक-दोनचा तबला साधारण सव्वापाच ते साडेपाच इंचांचा असतो. विकत घेताना हे माप सांगा. नुसतं 'तबल्याचा सेट' मागितलात तर हाताशी असेल तो मिळेल.

प्रश्न (ह्यूस्टन) : आजोबांचा मिरजेचा तंबोरा गावी माळ्यावर आहे. शंभर वर्षांचा असेल असं काका म्हणतात. या सुट्टीत इकडे आणायचा आहे.

आणण्याआधी वय नक्की करा, कारण प्रश्न कायद्याचा आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. तंबोरा तितका जुना नसेल तर तसं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घेऊन जवळ ठेवावं. जुन्या दिसणाऱ्या वस्तूवर विमानतळावर हटकलं तर 'काका म्हणतात' हे उत्तर चालत नाही.

दुसरी गोष्ट नक्षीची. जुन्या तंबोऱ्यांच्या कडेच्या पट्ट्या, मणी (बारीक जुळणीसाठी तारांत ओवलेले), खुंट्यांची टोकं, घोडी (जिच्यावरून तारा जातात ती) यांत हस्तिदंत किंवा सांबरशिंग असू शकतं. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकावर भिंगातून पाहिलं तर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइड किंवा प्लॅस्टिक सगळीकडे एकसारखं दिसतं. हस्तिदंत असेल तर तंबोरा सीमेपलीकडे नेण्याचा विचार सोडा. आशियाई हत्ती साइट्स कराराच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे आणि तुमच्याकडेही वस्तू जप्त होऊ शकते. सांबरशिंगावर भारतातच वन्यजीव कायद्याची बंदी आहे.

लाकडाची मात्र फारशी चिंता नको. शिसवाच्या सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या यादीत आल्या तेव्हा वाद्यं नेणाऱ्यांची धावपळ झाली होती. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं, त्यांचे भाग आणि सुटं साहित्य यांना त्या अटीतून वगळलं आहे. अपवाद ब्राझिली शिसवाचा, आणि तो आपल्या वाद्यांत नसतो.

आमचं मत विचाराल तर आजोबांचा तंबोरा माळ्यावरून काढा, मिरजेला नेऊन दुरुस्त करून घ्या आणि भारतातल्याच घरी, वाजवणाऱ्या माणसाकडे ठेवा. तुमच्यासाठी नवा करून घ्या. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथल्या कारागिरांना मंगळवेढा-पंढरपूर भागातले भोपळे जवळ पडतात. आकार, पट्टी, गायक की गायिका हे आधी फोनवर सांगून ठेवलं तर पोचल्यावर निवडीला दोन-तीन वाद्यं समोर येतात.

विमानात तंबोरा मोठ्या सामानात जातो हे गृहीत धरा. साधारण १४० सेंटिमीटर लांबी आणि पेटीची रुंदी-उंची ४०-४० धरली तरी बेरीज २२० होते. बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर असते. जादा आकाराचं शुल्क आणि जागा तिकिटाबरोबरच ठरवा. विमानतळावर ऐनवेळी विचारलं तर नकार मिळू शकतो.

पॅकिंग असं करा. तारा तीन-चार स्वर उतरवा, पण पूर्ण सैल सोडू नका. घोडी तारांच्या दाबानंच जागेवर राहते. दाब गेला की ती सरकते आणि तबलीवर (भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी फळीवर) ओरखडे पाडते. उतरवण्याआधी घोडीच्या चारी कोपऱ्यांशी कागदी टेपचे तुकडे लावून जागा नोंदवा. घोडी आणि तबली यांच्यामध्ये मऊ कापड खुपसा. तंबोरा बहुधा मोडतो तो दांडी आणि भोपळा जुळतात त्या गळ्याशी, म्हणून फायबरच्या पेटीत गळ्याखाली घट्ट उशी हवी. भोपळ्याखाली कितीही गादी घातली आणि गळा अधांतरी राहिला तर एका आपटीत काम होतं. 'नाजूक' असं लिहिलेल्या चिठ्ठीवर विसंबू नका.

घरी पोचल्यावर पेटी चोवीस तास उघडू नका. आतली थंड हवा हळूहळू खोलीच्या हवेला येऊ दे. हे तबला आणि हार्मोनियमलाही लागू आहे.

प्रश्न (मेलबर्न) : डग्गा-तबला नेताना विमानतळावर चामड्यामुळे अडवतात का?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लाकूड, चामडं, भोपळा हे सगळं उतरताना भरायच्या फॉर्मवर जाहीर करावं लागतं. 'हो' वर खूण करा. अधिकारी वाद्य उघडून किडीची भोकं, लाकडाची साल, माती, चामड्यावरचे केस बघतात. स्वच्छ वाद्य सहसा पाहून परत देतात. न सांगता नेलेलं सापडलं तर दंड होतो. जाण्याआधी चुंबळी नव्या करून घ्या. जुन्या चुंबळीत काथ्या, गवत भरलेलं असतं आणि अडकते ती नेमकी तीच. डग्ग्याच्या पोटात मोजे-टॉवेल कोंबायची सवयही इथे सोडा, तपासणीत सगळं बाहेर काढावं लागतं.

प्रश्न (स्टुटगार्ट) : तंबोरा आहे, पण शिकवणारं जवळ कोणी नाही. लावायचा कसा? आणि हिवाळ्यात खुंट्या सुटतात.

आधी खुंट्या. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, भोकात खुंटी सैल होते आणि गर्रकन फिरते. तार उतरवा, खुंटी बाहेर काढा, घासणाऱ्या भागावर कोरडा पांढरा खडू फिरवा, परत बसवा. पिळताना खुंटी आत दाबत दाबत पिळायची, नुसती पिळली तर टिकत नाही. उन्हाळ्यात हीच खुंटी फुगून घट्ट बसेल. तेव्हा जोर करू नका, पकडीनं तर मुळीच फिरवू नका, मान चिरते.

आता लावणं. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या, चौथी खर्जाची म्हणजे खालच्या षड्जाची. मणी घोडीपासून दूर, मधोमध आणून ठेवा आणि घोडीवरचे दोरे बाजूला सरकवा. आधी जोडाची एक तार फोनवरच्या तंबोऱ्याशी मिळवा. मग दुसरी जोडाची तार तिच्याशी. दोन्ही एकापाठोपाठ छेडल्या की आवाजात हेलकावे ऐकू येतील, वॉंव-वॉंव-वॉंव असे. खुंटी केसभर फिरवा. हेलकावे लांबत जातात, मग लांब श्वासासारखे होतात आणि एका क्षणी थांबतात. तिथे हात काढा. खुंटीनं इतकं बारीक जमत नसेल तर उरलेलं मण्यावर सोडा. मणी घोडीपासून दूर सरकवला की तार चढते. खर्जाची तार पितळेची, जाड असते. ती हलक्या बोटानं छेडायची, जोरानं ओढली तर सुरुवातीला चढी ऐकू येते आणि तुम्ही चुकीची उतरवत बसता.

शेवटी जवारी, म्हणजे तारेचा उघडा, लांबवर बोलणारा आवाज. दोरा तारेखाली घोडीच्या उतारावर घ्या आणि तार छेडत छेडत तो तांदळाच्या दाण्याएवढा मागे-पुढे करा. आवाज एका जागी बंद, दुसरीकडे नुसता झणझणीत येतो. दोन्हींच्या मध्ये एका जागी तार अचानक उघडते आणि लांबवर बोलत राहते. ती जागा तारेगणिक वेगळी असते. चारही नीट लागल्या की खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो. तो ऐकू येईपर्यंत घाई करू नका. नव्या हाताला याला अर्धा तास लागतो आणि कानाच्या तयारीसाठी याहून चांगला अर्धा तास नाही.

प्रश्न (सिंगापूर) : पेटीचा एक सूर मधेच मुका होतो. शिवाय स्केल चेंजर घ्यावी की साधी?

मुक्या सुराचं कारण बहुतेक वेळा धुळीचा कण असतं. सुराची पितळी जीभ तिच्या चौकटीत केसाहून कमी फटीनं हलते, तेवढी फट कणानं भरते. ती पट्टी दाबून धरा आणि भाता चार-पाच वेळा जोरात मारा. पुष्कळदा कण उडून जातो. नाही गेला तर पेटी उघडून सूरपट बाहेर काढा, जिभेखालून अगदी पातळ कागदाची पट्टी लांबीच्या दिशेनं एकदा ओढा. जीभ वर उचलून वाकवू नका आणि सुईनं खरवडू नका. टोकाशी खरवडलं तर सूर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो, आणि घालवलेलं पितळ परत येत नाही. पट्टी न दाबता सूर वाजत राहिला तर मात्र सूर बरा आहे. पट्टी शेजारणीला घासते आहे किंवा तिची स्प्रिंग मेली आहे. सिंगापूरच्या दमट हवेत घासण्याचीच शक्यता जास्त.

विमानानं नेण्यासाठी साधी, घडीची पेटी घ्या. स्केल चेंजरमध्ये पूर्ण पट्ट्यांचा साचा सरकतो, हलणारे भाग जास्त, वजन जास्त, आणि आपटी बसली की पट्ट्या खालच्या भोकांवर नीट बसत नाहीत. एका सामानाची मर्यादा अनेक कंपन्यांत २३ किलो असते हेही लक्षात ठेवा. पेटी नवी असतानाच सगळे खटके बंद करून भाता भरा आणि तो आपोआप बसायला किती सेकंद लागतात ते पेटीच्या झाकणात लिहून ठेवा. पुढे हवा गळते का, हा संशय आला की तुलनेला तोच आकडा उपयोगी पडतो.

प्रश्न (डब्लिन) : आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि घरच्या भजनाच्या चार कॅसेटी सापडल्या, १९८० च्या दशकातल्या. आजी आता नाही. त्या खराब होऊ न देता संगणकावर कशा घ्याव्यात?

लगेच वाजवून बघू नका. आधी कॅसेटीच्या पाठच्या कडेवरच्या दोन बारीक प्लॅस्टिकच्या कळ्या मोडा. त्या असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर आजीचा आवाज पुसला जाईल. मग उजेडात फीत बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढुरकी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट वाजवायची नाही, जाणत्या माणसाकडे द्यायची. बुरशी डेकच्या हेडवर पसरून बाकीच्या तीनही कॅसेटींना लागते. मधल्या खिडकीत फितीमागे नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज मंद आणि तुटक येतो. तसं असल्यास स्क्रूच्या नव्या कॅसेटच्या सांगाड्यात फितीच्या दोन्ही चकत्या उचलून ठेवता येतात.

डेक चांगल्या अवस्थेतला घ्या. यूएसबीच्या स्वस्त खेळण्यांनी फिरकीचा वेग हलतो आणि ओवीचा सूर डुलायला लागतो. हेड आणि रबरी रूळ कापसानं पुसा, हेडला ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, वर्षानुवर्षं चिकटलेले पदर सुटून ताण सारखा होतो. डॉल्बीचं (फितीची खरखर कमी करण्याच्या सोयीचं) बटण बंद ठेवा. घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटीत डॉल्बी क्वचितच असे, आणि तो उगाच चालू केला तर आवाजावर पांघरूण पडल्यासारखं होतं. तरीही आवाज बसका वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून 'स' आणि 'च' सगळ्यांत स्वच्छ कुठे ऐकू येतात ते बघा. मूळ कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचं हेड तुमच्या हेडपेक्षा तिरकं असतं, म्हणून हे करावं लागतं.

भरताना डब्ल्यूएव्ही फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. साठ मिनिटांच्या कॅसेटची फाइल साधारण १ जीबीची होते. या मूळ फाइलवर खरखर काढायचं कुठलंही साधन चालवू नका. सफाई करायची ती प्रतीवर. जात्याची घरघर हीसुद्धा सफाई यंत्राला खरखरच वाटते आणि ओवीखालचं जातंच निघून जातं. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी कुणा भावंडाकडे.

कॅसेटी सामानातून आणायच्या असतील तर विमानतळाच्या क्ष-किरणांनी त्या पुसत नाहीत. मोठ्या स्पीकरशेजारी ठेवल्या तर मात्र धोका आहे, कारण स्पीकरमध्ये चुंबक असतो.

आणि एक काम याच सुट्टीत करा. ही फाइल मावशी, आत्या, चुलत आजी यांच्यासमोर वाजवा आणि त्या काय बोलतात ते फोनवर वेगळं भरा. मागे हसणारी बाई कोण, ओवीतलं गाव कुठलं, मधेच 'अगं, दूध बघ' असं ओरडलेलं कुणी, हे सांगू शकणारी माणसं आहेत तोवरच हे होतं. प्रत्येक ओवीच्या सुरुवातीचा मिनिट-सेकंद, पहिला चरण आणि ओळखलेली नावं एका कागदावर लिहून तो कागद फाइलबरोबर ठेवा.

प्रश्न (बोस्टन) : मुलगी पुण्यातल्या गुरुजींकडे नेटवरून गाणं शिकते. तंबोरा त्यांना ऐकूच जात नाही, आणि दोघं एकत्र गायला लागली की गोंधळ होतो.

तंबोरा ऐकू जात नाही कारण झूमसारख्या साधनांत पार्श्वभूमीचा आवाज दाबण्याची सोय चालू असते. पंख्याची घरघर आणि तंबोरा यांत त्या यंत्राला फरक कळत नाही. सलग एकाच स्वराचा आवाज म्हणजे गोंगाट, असं समजून ते तो पुसतं. लांबवलेला षड्जही त्यामुळे मधेच विरतो. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, प्रतिध्वनी दाबण्याची सोय बंद करा आणि दोन्हीकडे तारेचे हेडफोन वापरा. ब्लूटूथनं आणखी उशीर वाढतो. हे गुरुजींच्या बाजूलाही करून द्यावं लागतं. त्यांच्या घरचं कुणी तरुण असेल तर एकदा फोनवर बसवून लावून घ्या.

एकत्र गाणं मात्र होणार नाही आणि त्यासाठी महागडं नेट घेऊनही उपयोग नाही. प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते बोस्टन सरळ रेषेत १२ हजार किलोमीटर धरले तरी एका बाजूनं ६० मिलिसेकंद. केबलचा वळसा आणि यंत्रांचं काम धरून प्रत्यक्षात हे दीडशे-तीनशेवर जातं. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा असतील तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, म्हणजे समोरचा अख्ख्या मात्रेनं मागे पडतो. सुरेल साथीला साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या आत राहावं लागतं.

म्हणून नियम असा ठेवा : जो गातो आहे, तंबोरा आणि ठेका त्याच्याच खोलीत वाजायचा. मुलगी गाते तेव्हा तिच्याकडचा ठेका, गुरुजी नुसतं ऐकतात आणि त्यांना दोन्ही एकत्रच पोचतं. गुरुजी गातात तेव्हा मुलीचा माइक बंद आणि तिच्याकडचा ठेका बंद. 'माझ्याबरोबर म्हण' याऐवजी 'मी म्हणतो, मग तू म्हण'. हाताने ताल धरणंसुद्धा पाहून करायचं नाही, ऐकून करायचं.

वेळ भारतीय वेळेप्रमाणे नोंदवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ हलतं, तेव्हा बोस्टन-पुणे वेळेचं अंतर मार्चमध्ये साडेदहा तासांचं साडेनऊ होतं आणि नोव्हेंबरात उलट. त्या दोन आठवड्यांत गुरुजी रिकामे बसून राहिल्याच्या तक्रारी आमच्याकडे सर्वांत जास्त येतात.

प्रश्न (दुबई) : भारतातून घेतलेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा अमेरिकेतल्या भावाला भेट द्यायचा आहे.

अडॅप्टरवरचा छापील मजकूर वाचा. '१००–२४०' असेल तर चालेल, फक्त पिन बदला. नुसतं '२३०' असेल तर अमेरिकेच्या १२० व्होल्टवर तो चालणार नाही. लिथियम बॅटरी सुटी असेल तर हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको.

प्रश्न (ऑस्टिन) : डिसेंबरमध्ये तीन आठवडे पुण्याला जातोय. गुरुजींची भेट, वाद्यदुरुस्ती, नातेवाईक, कार्यक्रम सगळं बसवायचंय. मुलगी अकरा वर्षांची आहे.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी वाद्य दुरुस्तीला टाका. नातेवाईक नंतर. नवी पुडी चढवल्यावर ती आठ-दहा दिवस वाजवून, पुन्हा पुन्हा जुळवून बसवावी लागते आणि ते कारागिराच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. शेवटच्या आठवड्यात टाकलेलं वाद्य तुम्ही न ऐकताच घेऊन जाता. 'आणायला' जाताना मुलीला बरोबर न्या, तिनंच वाजवून घ्यावं. कारागीर सोळा घरं कशी मिळवतो ते तिला बघू दे. परवानगी घेऊन फोनवर चित्रित करा, पुढच्या ऑक्टोबरात उपयोगी पडेल.

विमानातल्या कोरड्या हवेनं घसा सुकतो. पहिले तीन दिवस गुरुजींकडे गाणं नको, नुसतं भेटणं. मग एक दिवसाआड पाऊण तास असे सहा-सात वर्ग ठरवा. रोज दोन तास ठेवले की आठव्या दिवशी आवाज बसतो आणि आत्याकडचं जेवणही चुकतं. नेटवर जे शिकवता येत नाही तेच मागा : स्वर लावताना तोंड किती उघडायचं, श्वास कुठे घ्यायचा, तंबोरा मांडीवर की जमिनीवर, आणि गुरुजींबरोबर एकाच वेळी गाणं. अडलेल्या पाच बंदिशींची यादी आधीच पाठवा.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरात पुण्यात होतो. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये तो सुरू केला. तारखा पाहूनच विमानाचं तिकीट काढा. अकरा वर्षांच्या मुलीला सगळे दिवस, सगळं सत्र बसवू नका. एका संध्याकाळी दोन कलाकार पुरेत, आणि त्यातला एक ती स्वतः शिकते तो राग गाणारा निघाला तर भाग्य. भारतीय बैठकीत बसणार असाल तर गादी आणि शाल न्या, रात्री गारठा पडतो.

आजोबा-आजींसाठी एक संध्याकाळ मोकळी ठेवा, घरातल्याच खोलीत, पाहुणे न बोलावता. मुलीनं शिकलेलं म्हणावं, आजोबांना येतं ते त्यांनी म्हणावं. फोन टेबलावर उलटा न ठेवता उशीवर, गाणाऱ्यापासून एक-दीड मीटरवर ठेवा, पंखा बंद करा आणि सुरुवातीला तारीख व बसलेल्यांची नावं मोठ्यानं सांगा.